घरच्यांनी शेवटी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बाइंडिंगचे. गल्लीच्या वळणावर त्यांचं घर: पुढे दुकान, मध्ये निळा पडदा, मागे स्वयंपाकघर. दुकानात पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं आणि दाभणं खोचून ठेवलेला लाकडी ठोकळा. शाळांची हजेरीपुस्तकं, वाचनालयातली पाठ मोडलेली पुस्तकं तिथे कण्हत यायची आणि धडधाकट होऊन जायची. गुरुवारी दुपारी मात्र शिकंजा भिंतीला सरकायचा, चटया पडायच्या आणि वीस-पंचवीस माणसं मास्तरांसमोर येऊन बसायची. त्यातली निम्मी राम म्हणणारी, निम्मी अल्ला म्हणणारी. गुरुवार गुरूलाही चालतो आणि पीरालाही चालतो, देवानंच एवढी सोय करून ठेवली आहे तर आपण कशाला मोडता घालायचा, असं मास्तर म्हणायचे.

त्यांचा जन्म देवघर असलेल्या घरातला. तरुणपणी ज्या कारखान्यात ते कागदांच्या घड्या ओवून शिवायला शिकले, त्याच्या मागच्या अंगणात एक सूफी फकीर राहायचा. मास्तरांनी त्याच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं. बाराव्या वर्षी त्यानं त्यांच्या उजव्या कानात देवाचं एक नाव सांगितलं, आणि त्या एका शब्दावर मास्तरांनी पुढचा सगळा जन्म काढला. ते नाव कोणत्या घरचं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. स्वतः देताना मात्र ते ज्याच्या त्याच्या घरचंच द्यायचे. रामाच्या माणसाला त्याच्या हजार नावांतलं एक, अल्लाच्या माणसाला त्याच्या नव्याण्णवांतलं एक. देण्याची रीत सगळ्यांना सारखी. उजवा कान, एकदाच, आणि पुन्हा कुणाजवळ बोलायचं नाही.

हे सगळं पडद्यापलीकडचं. पडद्याअलीकडे वहिनी होत्या.

वहिनी म्हणजे मास्तरांची सून. एकोणिसाव्या वर्षी या घरात आल्या. तिसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला, आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. माहेरचे न्यायला आले होते, भावानं ट्रंक उचलूनसुद्धा ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, येते चार महिन्यांनी. ते चार महिने अजून संपायचे होते. सासूबाई होत्या तोवर दोघी मिळून घर ओढायच्या, त्या गेल्यावर एकट्या वहिनी. सकाळी खळ शिजवायची, दिवसभर घड्या शिवायच्या, दुपारी बाराच्या ठोक्याला पडदा बाजूला करून मास्तरांना हाक मारायची, "मामंजी, चला, जेवून घ्या." एकतीस वर्षांत या हाकेला खाडा नाही. ताप असो, पाहुणे असोत, घरात मयत होऊन तेरावा दिवस असो, बारा वाजले की पडदा हलायचा.

लोक म्हणायचे, काय बाई सासऱ्याची माया! माया होतीच. पण वहिनी थांबल्या होत्या त्या वेगळ्याच गोष्टीसाठी.

नव्या नवरी असताना एका गुरुवारी त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. एक रंगारी आला होता, घरं रंगवणारा, तोंडानं असा फाटका की शिवी दिल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा मागता यायचं नाही. मास्तरांनी त्याला जवळ बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि स्वतःच्या चपला समोर असून त्याला सापडेनात. मग तिथेच उंबऱ्यावर बसून राहिला. त्या माणसाच्या तोंडून पुढे कुणी शिवी ऐकली नाही. एका शब्दात असं असतं तरी काय, हे तेव्हा वहिनींच्या मनानं जे धरलं ते धरलं. नवरा गेल्यावर तर त्यांना धरायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

वर्षश्राद्ध उरकल्यावर त्यांनी धीर केला. हातातली सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मामंजी, मलाही द्या ना नाव."

मास्तर पुठ्ठा कापत होते. मान वर न करता पण अगदी मायेनं म्हणाले, "देईन की. पण सूनबाई, घरच्यांनी शेवटी."

वहिनींना ते पटलं. या घराची पंगत तशीच होती. आधी आलागेला, मग मास्तर, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं झालं की वहिनी, ओट्याशी उभ्यानं, पातेल्यातच कालवून. घरच्यांनी शेवटी, हे अन्नाला लागू तर नावालाही लागू. त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "तुम्हाला दिलंय का हो त्यांनी?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "मला? अगं, लग्न झाल्यापासून माझं स्वतःचं नाव ह्यांनी कधी घेतलं नाही, ते देवाचं देतायत!" आणि खरंच त्या तशाच गेल्या, काही न घेता.

पुढे दर दोन-चार वर्षांनी वहिनी विचारायच्या, आणि मास्तर तेच सांगायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाहेरगावाहून माणसं यायची, दुपारभरात नाव घेऊन जायची, आणि त्यांना जेवू घालून त्यांची ताटं उचलणारी बाई तशीच. मास्तर मोठे होते यात वाद नाही. पण मोठ्या माणसांनाही जवळचं दिसायला चष्मा लागतो, आणि तो मास्तरांनी कधी घातला नाही.

मग मास्तर विसरायला लागले.

आधी वहिनींनाच कळलं. खळीचा ब्रश चहात बुडवायचे आणि चहा ढवळत बसायचे. कापलेला पुठ्ठा पुन्हा मापायचे, पुन्हा कापायचे, असं करत वहीच्या पुठ्ठ्याचं बसच्या तिकिटाएवढं काहीतरी उरायचं. गुरुवारी एकच गोष्ट दोनदा सांगायला लागले की वहिनी पडद्यामागून भांडं आपटायच्या. भांड्याचा आवाज झाला की मास्तर थबकायचे आणि दुसरीकडे वळायचे. लोकांना वाटायचं, वहिनींच्या हातून हल्ली भांडी पडतात.

त्यातच वह्यांचं प्रकरण झालं. रंगाऱ्यानं, म्हणजे आता म्हातारे झालेल्या रंगारीचाचांनी, आपल्या आईची दुवांची वही बांधायला दिली होती. हातानं लिहिलेली, उजवीकडून उघडणारी. त्याच आठवड्यात कंपाउंडरकाकांनी वडिलांची भजनांची वही दिली, डावीकडून उघडणारी. कंपाउंडरकाका म्हणजे मास्तरांचे सगळ्यांत जुने शिष्य. दवाखान्यात पुड्या बांधता बांधता त्यांना प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावायची सवय जडलेली. वहिनी त्या दिवशी तापानं पडून होत्या, म्हणून शिलाई मास्तरांनीच केली. आणि दोन्ही वह्या एकाच पुठ्ठ्यात शिवून टाकल्या. या बाजूनं उघडा, भजनं. त्या बाजूनं उघडा, दुवा. मधोमध दोन्हींची शेवटची पानं एकमेकांना टेकलेली.

वहिनींनी ते पाहिलं. उसवायला सुई काढली तोवर दोघंही दारात हजर. रंगारीचाचांनी वही हातात घेतली, उलटली, पालटली, आणि त्यांचे डोळे भरून आले. कंपाउंडरकाकांनी तर दुकानातच लोटांगण घातलं. "जन्मभर तोंडानं सांगितलं ते आज हातानं दाखवलंत मास्तर!" असं म्हणून ते रडायला लागले. मास्तर त्यांच्याकडे पाहून गोड हसले. हा कोण माणूस आपल्या पायाशी पडलाय, हे त्यांना कळलेलं नव्हतं. ते वहिनींना दिसलं, कारण आदल्या दिवसापासून ते वहिनींकडेही पाहून तसंच हसत होते.

ती वही मग सहा महिने चाचांकडे आणि सहा महिने काकांकडे, अशी वाटणीच्या म्हशीसारखी फिरायला लागली. वहिनी मूग गिळून गप्प बसल्या. माणसाला गुरू म्हातारा झालेला सोसत नाही. मग सांगून कुणाचं मन मोडायचं?

पण रात्रंदिवस एकच घोर त्यांच्या मागे लागला. मास्तरांच्या डोक्यातून रोज काहीतरी गळतंय. आज दुकान गेलं, उद्या मुलगा गेला, परवा सासूबाई गेल्या. आपल्यासाठी राखून ठेवलेलं ते नाव त्यांच्यात अजून आहे, की तेही गेलं? त्यांनी एकदा सरळ विचारलं. म्हणाल्या, "मामंजी, आता तरी द्या. आता सगळ्यांचं झालं."

मास्तरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही कुणाकडे आलात?" त्यांनी विचारलं. "बसा. सूनबाई येईलच इतक्यात."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला हसावं की रडावं हेच कळेना. मास्तर उठल्यासुटल्या नाव द्यायला लागले. न्हावी दाढी करायला वाकला, त्याला दिलं. तो साबण लावलेला वस्तरा हातात घेऊन तसाच रडत घरी गेला, आणि मास्तर दिवसभर अर्ध्या दाढीनं बसले. डॉक्टर छातीला नळी लावायला वाकले, त्यांना दिलं. डॉक्टरांनी नळी कानातून काढली, चष्मा पुसला आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. गॅसची टाकी आणून देणाऱ्याला दिलं, तो तर म्हणाला, "वहिनी, माझं काही चुकलं का? आजोबा एवढं प्रेमानं का बोलले?" बारा बारा वर्षं पाणी भरून मिळायचं ते आता रस्त्यावर वाटल्यासारखं चाललं होतं. आणि वहिनी? त्या दिवसातून वीस वेळा त्यांच्या तोंडाजवळ वाकायच्या. लाळ पुसायला, घास भरवायला, पायजम्याची नाडी बांधायला. प्रत्येक वेळी क्षणभर जास्तच थांबायच्या, उजवा कान थोडा पुढे करून. मास्तर घास चावायचे. बाकी काही नाही.

एका सकाळी गादी तिसऱ्यांदा ओली झाली आणि वहिनींचा तोल गेला. चादर हातात घेऊन त्या ओरडल्या, "न्हाव्याला दिलंत! गॅसवाल्याला दिलंत! मी काय तुमचं वाईट केलं होतं? एकतीस वर्षं झाली मामंजी, एकतीस!" मास्तर भिंतीला सरकले. दोन्ही हातांनी त्यांनी डोकं झाकून घेतलं, मार चुकवताना झाकावं तसं. वहिनींच्या हातून चादर गळली. त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, त्यांचे पाय धरले, "चुकले मी, चुकले" म्हणत राहिल्या. मास्तरांना ते काही मिनिटांत आठवेनासं झालं. वहिनींना जन्मात विसरता येणार नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात नावावर पाणी सोडलं. नसेल आपल्या नशिबात, म्हणून पुन्हा चादर धुवायला बसल्या.

तेरा-चौदा दिवस गेले असतील. दुपारचे बारा वाजले. वहिनींनी भात मऊ कुस्करून थाळीत घेतला, पडदा बाजूला केला, आणि जागीच थांबल्या. मास्तर गादीवरून उतरून चटईवर बसले होते. गुडघे मोडून, हात जोडून, पाठ ताठ. इतक्या महिन्यांत ते आपलं आपण उठून बसले नव्हते. डोळे वहिनींवर लागलेले, पण मास्तर स्वतः कुठल्या तरी जुन्या वयात जाऊन पोचलेले.

"हुजूर," ते म्हणाले. आवाज कोवळा होता. "बारा वर्षं झाली. पाण्याच्या दोन खेपा आजही घातल्यात. आता मी काही मागत नाही. द्यायचं तर द्या."

वहिनींना उमजलं. आपल्यात मास्तरांना तो अंगणातला फकीर दिसत होता. मास्तर वाकले, डोकं वळवलं आणि आपला उजवा कान त्यांच्यासमोर धरला. पांढरे केस, कानाच्या पाळीला सुकलेली खळ.

थाळीतली वाफ विरत चालली होती आणि वहिनी उभ्या. द्यायचं तरी काय? राम म्हणावं, तर फकिरानं दुसरं दिलं असेल तर? अल्ला म्हणावं, तर? आणि मुळात आपल्याला कुणी दिलंय, म्हणून आपण देणार? रिकाम्या डब्यातून काय काढून वाढायचं? पण म्हातारा कान पुढे करून वाट बघत होता. त्याची मान थरथरायला लागली होती. वाट बघणं म्हणजे काय, हे या घरात वहिनींइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना ते बघवेना. त्या खाली बसल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि या वेळी या पडद्यापाशी जे एकतीस वर्षं तोंडातून निघत आलं होतं तेच निघालं.

"चला, जेवून घ्या."

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले. हळूहळू, एकेक अक्षर तपासून पाहत त्यांनी ते शब्द म्हटले. मग पुन्हा म्हटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. त्यांनी वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि वहिनींना पाय मागे घेता आले नाहीत, इतके घट्ट त्यांनी ते धरले होते.

त्यानंतर मास्तरांचं वाटप थांबलं. बाकीचं बोलणंही थांबलं. ते पडून असायचे आणि श्वासागणिक तेवढंच म्हणायचे, "चला, जेवून घ्या... चला, जेवून घ्या..." गुरुवारी मंडळी जमली. कंपाउंडरकाका कान देऊन ऐकत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "याचा अर्थ फार खोल आहे. जेवण म्हणजे अनुभव. सद्गुरू आपल्याला अनुभवाच्या पानावर बोलावतायत." रंगारीचाचा म्हणाले, "कंपाउंडर, थोडं गप्प बसा. भूक लागली असेल त्यांना." वहिनी पडद्यामागे उभ्या होत्या. आपण केलं ते पाप की पुण्य, हे त्यांना कुणाला विचारताही येत नव्हतं. गुरूच्या तोंडातलं नाव आपण पुसून टाकलं की काय, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्या दुपारपासून अकराव्या दिवशी सकाळीच मास्तरांचा श्वास वरवर चालायला लागला. निरोप गेले, माणसं अजून यायची होती. वहिनी उशाशी बसून चमच्यानं पाणी घालत होत्या, ते ओठांच्या कडेनं बाहेर येत होतं. बारा वाजून गेले. चूल पेटलीच नव्हती, आदल्या दिवसाचा भात पातेल्यात होता. मास्तरांनी डोळे उघडले. पाण्याचा ओघळ पुसायला वहिनी वाकल्या, तेव्हा त्यांनी कसाबसा हात उचलला, वहिनींच्या डोक्यावर ठेवला आणि त्यांचं डोकं हळूच वळवून घेतलं. त्यांचा उजवा कान आपल्या तोंडाशी येईल असं.

"सूनबाई," ते म्हणाले. "चल, जेवून घे."

एकतीस वर्षांत वहिनींना हे कुणी म्हटलं नव्हतं. आई गेल्यापासून, पृथ्वीच्या पाठीवर, कुणीच. त्यांना उठवेना. मास्तरांनी डोक्यावरचा हात पडद्याच्या दिशेनं जरासा ढकलला, लहान पोराला धाडावं तसं. ते सांगणं होतं आणि सांगणं मोडायचं त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. पाट घेतला. ताट घेतलं. त्यात तो शिळा भात वाढला आणि या घरात पहिल्यांदाच खाली बसून, मास्तरांच्या आधी, त्या जेवल्या. रडत होत्या, घास अडकत होते, तरी ताटात शीत ठेवलं नाही. हात धुवून पदराला पुसत परत आल्या तेव्हा पलीकडचा आवाज थांबला होता. अर्धी वाटी भात खायला लागतो तेवढा वेळ त्या नव्हत्या, आणि तेवढ्यात मास्तर एकटे निघून गेले होते.

माणसं धावत आली. दुकान भरलं, पायऱ्या भरल्या. न्हावी आला, डॉक्टर आले. चाचा उशाशी, काका पायाशी बसले. आपण शेवटच्या घटकेला तिथे नव्हतो, आपण जेवत होतो, हे वहिनी कुणाला सांगणार? त्या पडद्याला धरून उभ्या राहिल्या.

काही वेळानं कंपाउंडरकाकांनी डोळे पुसून विचारलं, "वहिनी, शेवटी काही बोलले का हो मास्तर?"

सगळं दुकान त्यांच्याकडे पाहत होतं.

"बोलले," त्या म्हणाल्या. "माझ्या कानात."

"काय?"

"ते सांगायचं नसतं ना, काका."

मग रंगारीचाचा गुडघ्यावर हात टेकून उठले, चटईवरची माणसं जरा सरकवली, मास्तरांच्या उशाशी स्वतःची जागा रिकामी केली आणि म्हणाले, "या वहिनी. इथे बसा."

वहिनींनी पडदा सोडला आणि पुढे येऊन त्या माणसांमध्ये बसल्या.